दिवा दिसला, पण कुठला? स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरची दीपगृहं

रात्री समुद्रावरून किनाऱ्याकडे येणाऱ्या माणसाला दिवा दिसला की त्याच्या मनात एकच प्रश्न येतो: हा कुठला? याचं उत्तर चुकलं, तर दिवा नसता तर बरं झालं असतं अशी पाळी येते. पूर्ण अंधारात माणूस बेतानं जातो, शिडं कमी करतो, दोरी सोडून खोली मोजत राहतो. पण परका दिवा ओळखीचा समजला, की तोच माणूस निर्धास्तपणे, भर वेगात खडकावर जातो. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर साडेचारशे वर्षांहून अधिक काळ दिवे पेटताहेत, आणि तिथली जवळजवळ प्रत्येक मोठी सुधारणा या एका प्रश्नातून निघाली आहे. म्हणून दीपगृह म्हणजे काय हे समजून घ्यायला हा किनारा फार चांगला आहे.

दक्षिणेला कुल्लेनचं उंच टोक, उत्तरेला नॉर्वेच्या सीमेजवळची कोस्टर बेटं, आणि दोहोंमध्ये सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपासचा हा पट्टा. खालच्या समुद्राला कॅटेगॅट म्हणतात, वरच्याला स्कागेराक. पलीकडे डेन्मार्क. १८९५ मध्ये जर्मनीतला कील कालवा उघडेपर्यंत बाल्टिक समुद्रात जाणाऱ्या मोठ्या जहाजांना याच पाण्यातून जावं लागे. गोथेनबर्ग शहराच्या वर बोहुसलेन प्रांत सुरू होतो. तिथला किनारा सलग नाहीच. हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेल्या ग्रॅनाइटची हजारो बेटं आणि खडक पाण्यात विखुरलेले आहेत. मुंबईला भरती-ओहोटीत पाणी चार-पाच मीटरनं वर-खाली होतं, इथे जेमतेम तीस सेंटिमीटरनं. ऐकायला हे सोयीचं वाटतं, पण पाण्याखाली हातभर असलेला खडक ओहोटीलाही उघडा पडत नाही. शिवाय वारा आणि हवेचा दाब बदलला की पाण्याची पातळी त्याहून जास्त हलते, आणि तिचं वेळापत्रक कुणी छापू शकत नाही. त्यात वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणजे जहाजाला किनाऱ्यावर ढकलणारा. स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचं 'योतेबोरी' हे जहाज १२ सप्टेंबर १७४५ रोजी चीनच्या कॅन्टनहून माल घेऊन परतलं आणि गोथेनबर्ग बंदराच्या तोंडाशी खडकावर चढून बुडालं. तेही दिवसाउजेडी, वाटाड्या जहाजावर असताना!

कोळशाचा जाळ आणि त्याची दुखणी

इथले पहिले दिवे डेन्मार्कच्या राजानं लावले, कारण तेव्हा दक्षिणेचा हा भाग डेन्मार्कचा होता. बाल्टिकच्या तोंडाशी, ओरेसुंडच्या सामुद्रधुनीत, डॅनिश राजा प्रत्येक जहाजाकडून जकात घ्यायचा. जहाजं सुखरूप आली तरच जकात येणार. १५६० मध्ये राजा दुसरा फ्रेडरिक यानं डेन्मार्कचं उत्तर टोक स्कागेन, कॅटेगॅटमधलं आन्होल्ट बेट आणि कुल्लेन या तीन ठिकाणी जाळ पेटवण्याचा हुकूम काढला. कुल्लेनचा दिवा सांभाळायची जबाबदारी पुढे काही काळ प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे यांच्याकडे होती. तिथली जहागीर त्यांना मिळाली ती याच अटीवर, आणि दिवा नीट जळत नाही अशा तक्रारीही झाल्या.

सतराव्या शतकात या भागात तरफेचे दिवे आले. जाडजूड लाकडी खांबावर मधोमध टेकवलेला लांब वासा, विहिरीवरच्या ओकतीसारखा. एका टोकाला लोखंडी टोपली, तिच्यात दगडी कोळसा. टोपली खाली ओढायची, राख झाडायची, कोळसा भरायचा, वासा सोडायचा, की जाळ उंच जातो. वर वारा जास्त, म्हणून कोळसा चांगला फुलतो.

आता यातली अडचण बघा. वारा जोराचा असला की कोळसा भराभर जळून जातो. वारा पडला की धुमसतो आणि धूर नेमका दिव्याच्या एका बाजूला लोंबत राहतो. नुकताच भरलेला कोळसा आधी अंधारतो, मग उजळतो, मग विझत जातो. म्हणजे एकाच दिव्याची रात्रभरात दहा रूपं. चुन्याची भट्टी, कोळ्यांची शेकोटी, लांबचं जळतं घर, सगळं समुद्रावरून सारखंच दिसतं. आणि स्कागेन, आन्होल्ट, कुल्लेन हे तिन्ही जाळ तर एकमेकांची नक्कलच. तीन दिवस ढगाळ हवेत वाहवत आलेल्या जहाजाला समोरचा जाळ यांपैकी कुठला हे कळायला काहीही मार्ग नव्हता.

निडिंगेनला हा प्रश्न पहिल्यांदा गांभीर्यानं घेतला गेला. निडिंगेन म्हणजे गोथेनबर्गच्या दक्षिणेला समुद्रातलं एक सपाट, बुटकं बेट आणि त्याच्या भोवतीचे धारदार खडक. १६२४ मध्ये तिथे दिवा लावायचं ठरलं, तेव्हा एकाऐवजी दोन जाळ शेजारी शेजारी पेटवले. जोडी दिसली की निडिंगेन, एकटा दिसला की दुसरा कुठला तरी. माझ्या मते या किनाऱ्यावरची सगळ्यात मोठी कल्पना हीच: दिव्याला नाव देणं.

पण जोडदिव्यांनाही खोट होती. दोन्ही दिवे एका रेषेत येतील अशा दिशेनं जहाज आलं, की जोडीचा एकच दिवा दिसतो. धुक्यात आणि लांबून दोन्ही उजेड एकमेकांत मिसळतात. जळण दुप्पट, माणसं जास्त. तरीही हा उपाय शतकानुशतकं टिकला. निडिंगेनवर एकोणिसाव्या शतकात बांधलेले दगडी जोडमनोरे अजून उभे आहेत, दिवा मात्र १९४६ च्या काँक्रीटच्या मनोऱ्यात गेला. गोथेनबर्गच्या तोंडाशी असलेल्या व्हिंगा बेटावर १८४१ मध्ये पहिला मनोरा झाला आणि १८५४ मध्ये दुसरा. अगदी उत्तरेला उर्सहोल्मेनवर १८९१ मध्येही जोडीच बांधली. धुक्यावर मात्र जोडीचा इलाज चालत नाही, तिथे कानाचाच आधार. निडिंगेनवर १७६६ मध्ये बसवलेली घंटा ही स्वीडनची पहिली धुक्याची खूण. धुक्यात आवाजाची दिशा फसवी असते, म्हणून घंटा ऐकू आली की 'जवळ आलोय, थांबा' एवढाच अर्थ घ्यायचा. घंटेच्या रोखानं सुकाणू धरायचं नाही.

फिरणारा दिवा आणि काचेचं गणित

दिव्याला नाव देण्याचा दुसरा रस्ता काळाचा. दिवा स्थिर न ठेवता ठरावीक वेळानं दाखवायचा. गोथेनबर्गच्या उत्तरेला मार्स्ट्रांड बेटावर कार्लस्टेनचा किल्ला आहे. त्याच्या बुरुजावरच्या दिव्यासाठी योनास नोरबेरी या स्वीडिश यंत्रकारानं १७८१ मध्ये घड्याळासारख्या यंत्रावर फिरणारी रचना बसवली. तेलाचे दिवे, त्यांच्या मागे वाटीसारखे चकचकीत आरसे, आणि सगळं मिळून सावकाश फिरणारं. जगातल्या अगदी पहिल्या फिरत्या दिव्यांपैकी हा एक. लांबच्या जहाजाला तो उजळतो, मावळतो, पुन्हा उजळतो असा दिसायचा. शेकोटी असं कधी करत नाही.

मग १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये ओगुस्तँ फ्रेनेल यांची भिंगं आली आणि सगळं बदललं. ज्योतीचा उजेड चहूकडे जातो. आकाशात जाणारा वाया, मनोऱ्याच्या पायथ्याशी पडणारा वाया. जहाजं असतात ती क्षितिजालगतच्या अरुंद पट्ट्यात. फ्रेनेल यांनी एका अजस्र भिंगाचे तुकडे करून जाडी काढून टाकली आणि फक्त वाकलेला पृष्ठभाग कड्यांच्या रूपात ठेवला. मधल्या कड्या उजेड वाकवतात. वरचे आणि खालचे लोलक उजेड आतल्या आत परावर्तित करून आडवा सोडतात. सर्वांत मोठ्या, म्हणजे पहिल्या दर्जाच्या भिंगात ज्योतीपासून काचेपर्यंतचं अंतर ९२० मिलिमीटर. म्हणजे आत माणूस उभा राहून वात कापू शकतो एवढा काचेचा पिंजरा.

भिंग नळकांड्यासारखं गोल असेल तर उजेड चहूकडे सारखा जातो आणि दिवा स्थिर दिसतो. त्याऐवजी मध्ये डोळ्यासारखं गोल भिंग असलेली तीन-चार पानं केली, तर प्रत्येक पान एक झोत सोडतं. अख्खा पिंजरा फिरवला की समुद्रावरच्या माणसाला चमक, अंधार, चमक असं दिसतं. तीन पानं आणि पंधरा सेकंदांत एक फेरी, म्हणजे दर पाच सेकंदांनी एक चमक. टनावारी वजनाचा पिंजरा चाकांवर फिरवणं कठीण होतं, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो पाऱ्यानं भरलेल्या गोल पन्हळीत तरंगवायला लागले. मग एका बोटानंही तो हलतो. पारा विषारी असतो, म्हणून त्याच्या वाफेपासून जपावं लागतं.

चमक किती वेळ दिसते हे ज्योतीच्या आकारावर ठरतं. हे बारकाईनं बघण्यासारखं आहे. ८० मिलिमीटर रुंद ज्योत ९२० मिलिमीटरवरच्या भिंगातून पाठवली, तर झोत साधारण ५ अंशांचा होतो. पंधरा सेकंदांत ३६० अंश म्हणजे सेकंदाला २४ अंश. झोत डोळ्यावरून जायला लागतात ०.२ सेकंद. आता कुणी उत्साहानं त्याच भिंगात २० मिलिमीटरचा छोटा, प्रखर विजेचा दिवा बसवला, तर झोत सव्वा अंशाचा आणि चमक ०.०५ सेकंदाची होते. ब्लोंदेल आणि रे या फ्रेंच अभ्यासकांनी १९११ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार ०.२ सेकंदाची चमक डोळ्याला स्थिर दिव्याच्या निम्मी भासते, ०.०५ सेकंदाची फक्त एक पंचमांश. जुन्या दीपगृहात एलईडी बसवताना फेरीचा वेग, दिव्याचा आकार आणि झोताची उभी पसरण असा सगळाच हिशेब नव्यानं करावा लागतो तो यामुळे. नुसता बल्ब बदलून भागत नाही.

भिंग उलटही काम करतं, हे पहारेकरी कधी विसरत नसत. दिवसा सूर्याचा उजेड त्याच काचेतून आत येऊन नेमका दिव्याच्या जागी गोळा होतो आणि तिथे आग लागू शकते. म्हणून सकाळी दिवा मालवला की आधी खिडक्यांना पडदे, मग न्याहारी.

कुल्लेनचा आजचा मनोरा १९०० सालचा. उंची अवघी १५ मीटर, पण तो कड्यावर असल्यानं दिवा समुद्रापासून ७८.५ मीटर उंच आहे. तो किती लांबून दिसेल याचा हिशेब घरीही करता येतो. दिव्याच्या उंचीचं आणि बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीचं, दोन्हींचं मीटरमधलं वर्गमूळ काढायचं, बेरीज करायची आणि २.०८ नं गुणायचं. उत्तर सागरी मैलांत येतं. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. ७८.५ चं वर्गमूळ ८.८६. मचव्यावर डोळा ४ मीटरवर असेल तर २. बेरीज १०.८६, गुणून २२.६ सागरी मैल, म्हणजे सुमारे ४२ किलोमीटर. मालवाहू जहाजाच्या सुकाणूच्या उंच खोलीत डोळा २५ मीटरवर असला तर २८.८. कुल्लेनच्या दिव्याचा नकाशावरचा पल्ला २७ सागरी मैल दिलेला असतो. मचव्यातून तो तेवढ्या लांबून दिसणार नाही, कारण पृथ्वीची गोलाई आड येते. मात्र ढग खाली असतील तर क्षितिजाखालच्या दिव्याचा उजेड आभाळात फिरताना दिसतो, आणि दिवा प्रत्यक्ष दिसण्याआधीच त्याची वेळ मोजता येते.

लोखंडी मनोरे

बोहुसलेनच्या बाहेरच्या खडकांवर दगडी मनोरा बांधणं म्हणजे संकटच. बोट लावायला जागा नाही, काम करायला उन्हाळ्याचे मोजके दिवस, आणि हिवाळ्यातल्या लाटा अर्धवट बांधकाम धुऊन नेणार. दीपगृहांचे अभियंते गुस्ताफ फॉन हायडेनस्टाम यांनी यावर लोखंडी उत्तर काढलं. मध्ये एक उभी लोखंडी नळी, तिच्यात गोल जिना. भोवती तिरपे लोखंडी खांब, आडव्या पट्ट्यांनी बांधलेले, वर दिव्याची खोली. भाग कारखान्यात तयार करायचे, बोटीनं न्यायचे, खडकावर जोडायचे. वारा सांगाड्यातून आरपार जातो, म्हणून मनोऱ्यावर जोर कमी येतो. मोसेशेर १८६५, व्हेडरोबोड १८६७, पाटेर नोस्टर १८६८: तीन-चार वर्षांत बाहेरच्या ओळीतले तीन महत्त्वाचे खडक उजळले. (हायडेनस्टाम यांचे चिरंजीव व्हेर्नर पुढे कवी झाले आणि १९१६ मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं.)

पाटेर नोस्टर हे लॅटिन शब्द, अर्थ 'आमच्या बापा'. मार्स्ट्रांडच्या वायव्येच्या या खडकांजवळ आलं की खलाशी ही प्रार्थना पुटपुटायला लागत, म्हणून खडकांचंच नाव पडलं. मनोरा उभा आहे तो हाम्नेशेर या उघड्या बेटावर. उंची ३२ मीटर, रंग लाल. १९७७ मध्ये जवळच्या हेट्टेबेर्येट या नव्या दीपगृहानं त्याची जागा घेतली आणि इथला दिवा मालवला.

दिवा मालवला की रंगारी यायचे थांबतात, आणि लोखंडी मनोऱ्याचा खरा शत्रू तिथूनच आत शिरतो. खारं पाणी दोन पत्र्यांच्या सांध्यात बसतं, तिथे हवा खेळत नाही, गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा लागते. तो सांधे फाकवतो, त्या फटीत आणखी पाणी जातं, हिवाळ्यात त्याचं बर्फ होतं. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि आत बोल्ट पेन्सिलीएवढा उरलेला असतो. २००२ मध्ये पाटेर नोस्टरचा मनोरा क्रेननं उचलून गोथेनबर्गला नेला. गंज काढून, खराब भाग बदलून, पुन्हा रंगवून २००७ मध्ये तो आपल्या जागी परत आला. किनाऱ्यावरच्या माणसांनी त्यासाठी घेतलेले कष्ट बघितले की मन भरून येतं.

वर दिव्याच्या खोलीत जळण बदलत गेलं: कोळसा, मग तेल, मग रॉकेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉकेलची वाफ करून जाळीवर जाळणारे दिवे आले. आपल्याकडची पेट्रोमॅक्स ज्यांनी पेटवली आहे त्यांना ते लगेच समजतील. आधी स्पिरिटनं नळी तापवायची, मग पंप मारायचा. नळी पुरती तापली नसेल तर वाफेऐवजी कच्चं रॉकेल येतं, ज्योत भडकते, काजळी उडते आणि ती काजळी भिंगाच्या प्रत्येक लोलकावर बसते. बारीक छिद्रात कचरा अडकला तर जाळी एका बाजूला काळी पडते. हे सगळं वादळी रात्रीही, दर काही तासांनी भिंग फिरवणाऱ्या यंत्राचं वजन चावीनं वर ओढत. अशा खडकांवर प्रमुख आणि त्याचे मदतनीस आपापल्या कुटुंबांसह राहत. गायक-कवी एव्हर्ट टाउबे यांचं बालपण व्हिंगावर गेलं, कारण त्यांचे वडील तिथले दीपगृहप्रमुख होते.

दालेन यांची झडप

माणूस राहूच शकत नाही अशा खडकावर दिवा कसा लावायचा? या प्रश्नाला स्वीडनच्याच गुस्ताफ दालेन यांनी उत्तर दिलं. त्यांचं इंधन होतं ॲसिटिलीन, म्हणजे कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की निघणारा वायू. जुन्या वरातीतल्या कार्बाइडच्या बत्त्या आठवत असतील तर तोच. ज्योत अतिशय पांढरी आणि प्रखर. पण हा वायू मोठा तापट. साध्या नळकांड्यात हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दुपटीपेक्षा जास्त दाबानं भरला, तर नुसत्या हादऱ्यानं फुटू शकतो.

ॲसिटोनमध्ये तो भरपूर विरघळतो हे माहीत होतं, आणि तो द्रव सच्छिद्र पदार्थात शोषवला की सुरक्षित राहतो हेही. आधीचे सच्छिद्र पदार्थ हादऱ्यांनी तडकायचे आणि पोकळी झाली की तिथे मोकळा वायू साठायचा. दालेन यांनी ॲस्बेस्टॉस, सिमेंट, कोळशाची पूड आणि डायटमची माती (सूक्ष्म शेवाळांच्या कवचांची) यांचं न तडकणारं मिश्रण बनवलं. आता टाक्या बोटीतून खडकावर नेता येऊ लागल्या.

मग काटकसर. दिवा सतत कशाला जाळायचा? त्यांच्या लुकलुक यंत्रात वायू आधी एका छोट्या कप्प्यात साठतो, वरचा लवचीक पडदा फुगतो, ठरावीक दाबाला झडप खटकन उघडते, साठलेला वायू एकदम बाहेर पडतो आणि शेजारच्या टिचभर ज्योतीवर पेट घेतो. पडदा बसतो, झडप बंद. ०.३ सेकंद उजेड आणि २.७ सेकंद अंधार ठेवला तर मुख्य ज्योतीचं जळण एक दशांशावर येतं. मला यात सगळ्यात सुंदर वाटतं ते असं, की जळण वाचवणारी लुकलुकच दिव्याची ओळखही ठरते. झडपेचा स्क्रू फिरवून शेजारच्या दोन खडकांना वेगवेगळी चाल देता येते.

उरला दिवस. दिवसा दिवा बंद कोण करणार? १९०७ ची सूर्यझडप दिसायला काचेच्या बरणीसारखी. आत चार धातूचे दांडे. मधला काजळीनं काळा केलेला, भोवतीचे तीन आरशासारखे चकचकीत. सूर्य उगवला की काळा दांडा उजेड शोषून तापतो आणि केसाएवढा लांबतो. चकचकीत दांडे उजेड परतवतात, त्यांची लांबी तेवढीच राहते. हा फरक एका तरफेनं मोठा करून वायूची झडप बंद केली जाते. संध्याकाळी काळा दांडा निवून आखडतो, झडप उघडते. हवा गरम झाली वा थंड झाली तर चारही दांडे सारखेच बदलतात, त्यामुळे ऋतूचा परिणाम होत नाही. आणि बरणीवर मीठ किंवा पक्ष्यांची घाण साचली तर? काळ्या दांड्याला उजेड कमी मिळतो आणि दिवा दिवसाही जळत राहतो. वायू वाया जातो, जहाज वाया जात नाही. बिघाड झालाच तर तो पेटत्या बाजूला व्हावा, अशी ही रचना. स्टॉकहोमच्या जलमार्गावर ब्लॉकहूसउड्डेनच्या दीपगृहात १९१२ मध्ये बसवलेली सूर्यझडप १९८० पर्यंत चालली.

१९१२ च्या सप्टेंबरमध्ये टाक्यांची सुरक्षितता तपासताना स्फोट झाला आणि दालेन यांची दृष्टी कायमची गेली. त्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. ते घ्यायला डोळ्यांचे डॉक्टर असलेले त्यांचे भाऊ आल्बिन गेले. दुसऱ्यांच्या रात्री उजळणाऱ्या या माणसानं पुढची पंचवीस वर्षं, १९३७ मध्ये निधन होईपर्यंत, अंधारातच आपली कंपनी चालवली.

आज हे दिवे कसे वाचायचे

नकाशावर प्रत्येक दिव्याशेजारी त्याची चाल लिहिलेली असते: किती चमका, कुठला रंग, किती सेकंदांचं चक्र. स्टॉपवॉच चमकेच्या सुरुवातीला चालू करा आणि लागोपाठ निदान तीन चक्रं मोजून भागाकार करा. एकाच चक्रावर विसंबू नका. लहान होडी लाटेच्या खळग्यात गेली की एखादी चमक हुकते आणि पाच सेकंदांचा दिवा दहा सेकंदांचा वाटतो. लाल आणि हिरवी काच उजेड खाते, त्यामुळे रंगीत दिवा पांढऱ्यापेक्षा जवळ आल्यावरच दिसतो. धुरकट हवेत पांढरा दिवाही तांबूस भासतो.

बेटांच्या आतल्या वाटांवर छोटे रंगपट्ट्यांचे दिवे असतात. एकाच दिव्याभोवती वेगवेगळ्या कोनांत लाल, पांढरी, हिरवी काच. पांढरा दिसतोय तोवर वाट मोकळी. समुद्राकडून दिव्याच्या रोखानं येताना लाल दिसला तर तुम्ही डावीकडे सरकला आहात, उजवीकडे वळा. हिरवा दिसला तर डावीकडे वळा. आत शिरताना डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा हा नियम भारत आणि स्वीडन दोन्हीकडे एकच आहे, त्यामुळे आपल्याकडच्या खलाशांना तो नवा नाही. तरीही नकाशा बघायचाच, कारण काही लाल पट्टे एखाद्या विशिष्ट खडकावर रोखलेले असतात. कोन लिहिलेले असतात ते जहाजावरून दिव्याकडे पाहिल्याचे, दिव्यावरून समुद्राकडे पाहिल्याचे नव्हेत. नवशिके इथे हमखास १८० अंशांनी चुकतात. दोन रंगांमधली सीमा सुरीनं कापल्यासारखी नसते, मध्ये थोडा मिश्र पट्टा असतोच. सीमेवर रेंगाळू नका.

पुढे दीपगृहं थेट समुद्राच्या तळावरही उभी राहू लागली. रॉबर्ट गेलेरस्टाड या स्वीडिश अभियंत्याची पद्धत दुर्बिणीच्या नळ्यांसारखी आहे: काँक्रीटचा पोकळ पाया आणि त्याच्या पोटात मनोऱ्याची नळी, दोन्ही बंदरात ओतायचं, तरंगवत न्यायचं, सपाट केलेल्या तळावर बुडवायचं, मग आतली नळी वर काढून सांधा पक्का करायचा. व्हिंगाजवळ १९६५ मध्ये झालेलं ट्रुबाडुरेन हे असंच समुद्रात उभं आहे. नावाचा अर्थ भाट, टाउबे यांच्या सन्मानार्थ ठेवलेलं.

दिवसा ओळख रंगावर आणि आकारावर. व्हिंगावर आजच्या १८९० च्या मनोऱ्याशेजारी लाल लाकडी पिरॅमिड आहे, दिवा नसलेला, फक्त दिवसा दिसण्यासाठी. पाटेर नोस्टर परत उभा राहिल्यावर त्यात पुन्हा दिवा लावला गेला, पण असा दिवा नुसता पेटवून चालत नाही. आधी त्याला शेजाऱ्यांपेक्षा वेगळी चाल ठरवावी लागते, मग ती खलाशांसाठीच्या सूचनापत्रात आणि नकाशावर चढवावी लागते. नाहीतर हेट्टेबेर्येट शोधत येणाऱ्या जहाजावरचा माणूस घड्याळ हातात धरून पुन्हा तेच विचारणार: हा कुठला?